लखमीच्या बाहीवरची खूण

"लखमी आजपण नाही आली, बाई," कुंदा हजेरीच्या वेळी म्हणाली.

मी खडू खाली ठेवला. शनिवारी मॅट्रिकचे फॉर्म बोर्डाकडे जायचे होते आणि ही मुलगी वसतिगृहातली ट्रंक उचलून सरळ खानवेलला घरी निघून गेली होती.

साठच्या दशकातली ही गोष्ट. मी मूळची रत्नागिरीची, सिल्वासाच्या शाळेत इतिहास शिकवायचे. मॅट्रिकच्या वर्गात वारल्यांची मुलगी एकच, ती लखमी.

सोमवारी मी अमेरिकेचा धडा घेतला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे पोलादाचे, रेल्वेचे अवाढव्य धंदे उभे राहिले. मालक मूठभर, कारखाने अफाट. माणसं कमी पडत. मग इटली-पोलंडकडची गरीब माणसं जहाजं भरभरून येत. पण बंदरावर डॉक्टर उभा. ज्याच्या तब्येतीची शंका, त्याच्या कोटावर खडूने खूण करून तो त्याला रांगेतून बाजूला काढी. नुसतं वाचून मुलांच्या डोक्यात काही शिरेना, म्हणून मी वर्गाचंच बंदर केलं. कुंदा झाली डॉक्टर. लखमी मागच्या बाकावरून फळा बघताना डोळे बारीक करते, हे कुंदाला ठाऊक. तिने लखमीच्या बाहीवर खूण ओढली. सगळे हसले, लखमीसुद्धा.

त्या दिवशी हेडमास्तर माझा पाठ बघायला मागे बसले होते. ते म्हणाले, "ही आमच्याही बंदरावर अडकणार, असं दिसतंय."

लखमीचं हसू तिथेच विरलं. कारण साहेब थट्टा करत नव्हते. बोर्डाआधी शाळा फळ्यावर प्रश्न लिहून स्वतःची परीक्षा घेई, तिला आम्ही प्रिलिम म्हणायचो. तिच्यात कच्च्या निघालेल्या मुलांचे फॉर्म अडवायचे, म्हणजे शाळेचा निकाल उजळ दिसतो. लखमी प्रिलिमला गणित आणि इंग्रजीत गेली होती.

दुपारच्या बसने मी खानवेल गाठलं. लखमीचे वडील रावजी यांनी अंगणात खाट टाकली. लखमी आत चुलीपाशी होती, बाहेर आली नाही.

"बाय, तुमी उगाच आलात," रावजी म्हणाले. "पोरीला छाप मारली तुमी. आता काय रायला?"

मला आधी उलगडाच होईना. मग कळलं. रावजी जंगलात लाकूडतोडीच्या कामावर होते. तिथे जंगलखात्याचा माणूस हातोड्याने खोडावर छाप मारतो आणि छाप पडलेलं झाड तोडतात. लखमीने घरी येऊन बाही दाखवली, साहेब काय म्हणाले ते सांगितलं. रावजींनी जो अर्थ लावला, तो चुकला असं कुठल्या तोंडाने म्हणू? मला भयंकर शरम वाटली.

"त्या जाजावरच्या मानसांना हाकलून दिला का?" रावजींनी विचारलं.

"काहींना परत पाठवलं. पण बऱ्याच जणांना बाजूला बसवून दुसऱ्यांदा तपासलं आणि आत सोडलं."

"हिला दुसऱ्यांदा कोन बघल?"

"मी."

बोलून तर बसले. लखमी ट्रंक घेऊन बाहेर आली. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. लांबचं तिला धूसर दिसत होतं. इतकी वर्षं ती फळ्यावरची गणितं शेजारणीच्या वहीतून उतरवत होती, शेजारणीच्या चुकांसकट. मी तडक हेडमास्तरांकडे गेले.

"सर, तिला प्रिलिम पुन्हा देऊ द्या. पुढच्या बाकावर बसवून."

"उद्या बाकीचेही मागतील."

"त्यांनाही द्या."

"आणि निकाल खाली आला तर? वर उत्तर मला द्यावं लागतं, तुम्हाला नाही."

"माझं नाव सांगा. लेखी देते."

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "द्या लिहून," म्हणाले.

मी लिहून दिलं. लखमी गणितात सुटली, इंग्रजीत जेमतेम. शनिवारी तिचा फॉर्म गेला.

बोर्डात ती इंग्रजीत नापास झाली. शाळेचा निकाल तिच्या एकटीमुळे खाली आला. हेडमास्तरांनी माझा कागद वर पाठवला. माझ्या गोपनीय अहवालात शेरा पडला आणि नोकरीत कायम व्हायला तो मला दोन वर्षं आडवा आला. लखमी ऑक्टोबरला पुन्हा बसली. पास झाली. पुढे वासोण्याच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागली.

नोकरीत एवढं मात्र कळलं. दुसऱ्यांदा बघायला कुणी मनाई करत नाही. पण पहिल्यांदा बघून ज्याने ठरवून टाकलेलं असतं, तो तुमचं ते दुसऱ्यांदा बघणं विसरत नाही.