न संपणारी भाकरी

वाटूर फाट्यावर एसटीची वाट पाहत उभा होतो आणि पहिल्यांदाच माझ्या हातात डबा नव्हता. वीस वर्षांपूर्वी याच फाट्यावरून पुण्याला निघालो, तेव्हा मायनं फडक्यात सात भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. "पोचायच्या आधीच सगळ्या खाऊन टाकू नको, तिथं कुणी वळखीचं न्हाई," असं वर बजावलंही होतं. या खेपेला उलटं झालं. चौदा डबे मी मागे ठेवून निघालो होतो, तिच्या फ्रीजमध्ये, प्रत्येकावर वाराची चिठ्ठी चिकटवून. दर पंधरा दिवसांनी येऊन पुन्हा भरायचे, असा बेत होता.

पुण्यात मी एकटा राहतो आणि रविवारी आठवड्याचं रांधून ठेवतो. इकडे त्याला मील प्रेप म्हणतात. आमच्या घरी त्यालाच शिळं म्हणायचे. ज्वारीला इकडे मिलेट म्हणतात आणि तिच्याविषयी बोलताना देवळात आल्यासारखा आवाज खाली आणतात. मी या सगळ्याला हसतो आणि डबे इमानानं भरतो, कारण सात वाजता ऑफिसातून आल्यावर नुसतं हसून पोट भरत नाही. गाव सोडून आलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. गावातच राहिलेल्यांना ते पटणार नाही, तेही मला माहीत आहे.

मायचं कारण वेगळं होतं. दिवाळीत तिच्या पदराचं टोक गॅसवर जळालं आणि तिला ते दिसलंच नाही. वास मला आला. तेव्हाच ठरवलं, आता तिनं एकटीनं शेगडी पेटवायची नाही. दोन दिवस राबून मुगाची खिचडी, मेथीचं वरण, दुधीची भाजी केली. भाकऱ्या शेजारच्या कुशावर्ता मावशींकडून करून घेतल्या. गरम करायला मायक्रोवेव्ह आणला, सिलिंडरचा कॉक स्वतःच्या हातानं बंद केला.

मायनं फ्रीज उघडून पाहिला.

"दत्ता, ही भाकरी हाय का लोणचं?"

"रोज एक डबा काढायचा, बस. आराम कर."

"आराम मेल्यावर हायेच की."

मावशींचं आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत. त्या भिंतीतून मावशी चाळीस वर्षं मायच्या भाकऱ्या ऐकत आल्यात. थप थप थप, मग थांबा: भाकरी तव्यावर पडली, वरून पाण्याचा हात फिरला, उलथनं वाजलं. मग पुढची. थांबे मोजून त्या सकाळी विचारायच्या, "काल नऊ थापल्या की वो, पाव्हणे आल्ते का?" आमच्या गल्लीत सीसीटीव्ही असा पूर्वीपासूनच आहे. फक्त तो कानाचा आहे.

सोमवारी भिंत गप्प होती, मंगळवारीही. डब्यांचं मावशींना ठाऊक होतं, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. मी फोन केला की माय सांगायची, "खाल्लं. गारच खाल्लं. त्या पेटीला मी हात न्हाई लावत."

बुधवारी संध्याकाळी तिनं फोन उचलला नाही. तीनदा केला. मग मावशींना लावला. त्या नुकत्याच शेतातून आल्या होत्या.

"आरं, भाकऱ्या थापून राह्यली तुझी माय. कट्टाळली तुझ्या डब्याला. हे ऐक," म्हणत त्यांनी फोन भिंतीला लावला.

थप, थप, थप.

माझ्यासमोर माझा बुधवारचा डबा होता. खरं सांगतो, मला राग आला. कॉक उघडला म्हणजे हिनं! दोन दिवससुद्धा दम निघाला नाही!

"हातात पीठ आसंल. मंग लाव फोन," मावशी हसल्या. मीही हसलो. डबा संपवला, धुतला, पालथा घातला.

तेवढ्यात मावशींचाच फोन आला.

"दत्ता, थांबंनाच रे."

"काय?"

"एकच भाकरी थापून राह्यली. आर्धा घंटा झाला. एवढी मोठी भाकरी कुणाची आसती? उलथनं न्हाई वाजलं, वास न्हाई. हाका मारल्या तर वो न्हाई."

त्यांनी पुन्हा फोन भिंतीला लावला. मी भूतखेत मानत नाही, नवससायास मानत नाही. पण माझ्या स्वयंपाकघरात, ट्यूबलाइटच्या उजेडात, तो आवाज ऐकताना मी फोन कानाशी दाबून थांब्याची वाट पाहू लागलो. थप. थप. थप. मध्ये थांबा नव्हताच. भाकरी तव्यावर पडतच नव्हती.

दाराला आतून कडी होती. मावशींच्या पुतण्यानं मोरीवरचा पत्रा काढला आणि तो आत उतरला. माय सकाळपासून तिथंच पडली होती, खुबा मोडून. दुपारपर्यंत हाका मारून तिचा घसा गेला होता. संध्याकाळी भिंतीपलीकडे मावशींची चाहूल लागली तेव्हा ती तळहातानं फरशीवर मारू लागली. ते शेजारणीनं भिंतीतून ऐकलं, मुलानं फोनवरून ऐकलं, आणि दोघांनी ‘सगळं ठीक आहे’ असा त्याचा अर्थ लावला. फ्रीजमध्ये बुधवारचा डबा तसाच होता. माझा मी संपवला होता.

जालन्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तिचा उजवा तळहात काळानिळा झाला होता. तिनं माझ्याकडे बघितलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "म्या थापून राह्यले, अन् तुम्ही ऐकून राह्यले." मग डोळे मिटले. एवढंच. त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही, आणि मला बोलता आलेलं नाही.

आता ती पुण्यात, माझ्याकडे आहे. वाटूरच्या घराला कुलूप आहे. मावशी फोनवर म्हणतात, "दिवेलागणीला आजूनबी ऐकू येतं कधी कधी. मंग मी टीव्ही लावते." मी त्यांना म्हणतो, कानाची सवय असते. ते शास्त्राला धरूनच आहे. तरी रात्री-अपरात्री एकदा जाऊन कुलूप बघून या, असं मी त्यांना म्हणत नाही.

रविवारी मी अजूनही डबे भरतो. माय वॉकर धरून ओट्याशी उभी राहते आणि रोज संध्याकाळी दोघांपुरत्या भाकऱ्या थापते. थापायच्या आधी पदर खोचून घे, एवढंच मी सकाळी निघताना सांगतो. शेगडीला नको म्हणायचा हक्क मी वाटूरलाच ठेवून आलो.

सात वाजता लिफ्टमधून बाहेर पडलो की दाराबाहेरच तो आवाज येतो. किल्ली हातात असते, पण मी ती लावत नाही. थप, थप, थप. समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ येता-जाता बघतात. त्यांना वाटतं, याला घरात शिरायची भीती वाटते. फारसं चुकीचं नाही. घर कुठलं, असं कुणी विचारलं तर मी अजून वाटूरच सांगतो. पण वाटूर काय, पुणे काय, आवाज थांबून उलथनं वाजेपर्यंत मी कुठेच पोचलेलो नसतो.