कडेला बिस्मिल्ला

निवृत्त माणसाने खुशाल वाचावं, पण वाचलेलं चारचौघांत बोलून दाखवू नये. ही अक्कल मला एका चांदीच्या नाण्याने शिकवली. चहा घ्या, सांगतो. माझी फजिती आहे, तेव्हा हसायला परवानगी आहे.

लछूभाई माझे जुने स्नेही. उल्हासनगरला त्यांचं कापडाचं दुकान. मी अंबरनाथहून अधूनमधून त्यांच्या गादीवर जाऊन बसतो. विकत काही घेत नाही, तरी चहा मिळतो. एकदा त्यांनी कपाटातून पुरचुंडी काढली. आत पातळ, पसरट चांदीचं नाणं. त्यांच्या वडिलांनी फाळणीत सिंध सोडताना आणलेलं. 'आपल्या शिकारपूरच्या हवेलीतलं,' असं ते सांगायचे.

"साईं, नातवाची सगाई आहे. नातसुनेला हे देणार. व्याह्यांना दोन शब्द सांगायला हवेत ना? तुम्ही शिकलेले, जरा बघा."

मला एवढंच हवं असतं! मी भिंग लावलं. एका बाजूला पंखांच्या मुकुटाचा राजा, दुसऱ्या बाजूला अग्निकुंड आणि दोन सेवक.

"इराणचा बादशहा! अग्निपूजक. इस्लामच्या आधीचा!"

लछूभाई खुलले. मग त्यांनी भिंग घेतलं. शाळेत ते अरबी लिपीतली सिंधी शिकलेले. बराच वेळ डोळे बारीक करून म्हणाले, "पण इथे कडेला बिस्मिल्ला लिहिलंय."

आता सांगा, अग्निपूजक राजा, मागे अग्निकुंड आणि कडेला बिस्मिल्ला? मी भिंग खाली ठेवलं.

"नकली. बनवणाऱ्याला इतिहास ठाऊक नव्हता." वर हसलोही.

पडद्यामागून भाभी बाहेर आल्या. "सिक्का नकली? मग हवेली?"

"हवेलीचा काय संबंध?" लछूभाई म्हणाले.

"ससुरजी म्हणायचे, दारात हत्ती झुलायचा. मला तेव्हाच डाउट आला होता!"

झालं! संध्याकाळी हत्ती गेला. आठवड्याभरात हवेलीच्या दोन खोल्या उरल्या. मग गल्लीत कोणीतरी विचारलं, मुळात ते शिकारपूरचे होते का? हे सगळं व्याह्यांच्या कानावर गेलं. लछूभाई वडिलांच्या फोटोला हार घालताना खाली बघू लागले.

तेव्हा मात्र मला चैन पडेना. नाणं मागून घेतलं आणि बदलापूरला एका निवृत्त प्राध्यापिकाबाईंकडे गेलो. आयुष्यभर त्यांनी नाणीच अभ्यासली होती.

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "अरबांनी इराण जिंकलं, पण लोकांचा विश्वास जुन्या नाण्यावर. नवे सुभेदार हुशार. तोच राजा, तेच अग्निकुंड ठेवलं. कडेला फक्त बिस्मिल्ला घातलं."

"हरलेल्या राजाचं चित्र?"

"मेलेल्याचंसुद्धा! बाजारात चालतंय ते कोण बदलतो?"

मी तडक उल्हासनगर गाठलं. लछूभाईंचे डोळे भरले.

"म्हणजे बाबा खोटं बोलत नव्हते?"

"नाण्याबाबत तरी नाही." हत्तीची जबाबदारी मी घेतली नाही.

"मग लिहून द्या, साईं. व्याह्यांना दाखवतो."

साध्या कागदाला वजन नसतं. घरी माळ्यावर माझ्या जुन्या कचेरीचे बाद झालेले कोरे कागद होते, जाड, वर नाव छापलेले, कडेला शिक्का मारलेले. त्यातल्या एकावर सुवाच्य अक्षरात दाखला लिहिला.

सगाईत व्याह्यांनी चष्मा लावून कागद उलटसुलट पाहिला.

"ऊपर एक दफ्तर का नाम, साइड में दूसरे का ठप्पा? ये क्या है?"

"अहो, कचेरीचं नाव बदललं. पण जुना कागद लोकांच्या ओळखीचा, म्हणून तोच ठेवून कडेला फक्त नवा शिक्का..."

बोलता बोलता मीच थांबलो. बाईंचं व्याख्यान माझ्या तोंडून निघत होतं, आणि तेही माझ्याच बचावासाठी!

व्याह्यांनी कागदाची घडी करून मला परत दिली. नाणं मुलीच्या ओंजळीत ठेवलं. "सिक्का तो असली लगता है."

मग लछूभाईंच्या कानाशी वाकले. पण कुजबुज अशी, की आचाऱ्यापर्यंत पोचावी.

"पर ये भाईसाब... सचमुच में नौकरी करते थे ना?"