मी वड वाचवला त्याची गोष्ट

बसा, चहा येतोय. तोवर ऐका. पस्तीस वर्षांच्या पत्रकारितेत मी माती बऱ्याचदा खाल्ली, कोण खात नाही? पण यंदा खाल्ली ती टोपलीभर, आणि तीही पहिल्या पानावर, फोटोसकट!

जिल्हा परिषदेची निवडणूक लागली होती. मी संपादकांना ठणकावून सांगितलं, यावेळी जात, पक्ष, पाकीट यातलं काही लिहिणार नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात माणूस भाजून निघतो. पाऊस एकतर येत नाही, नाहीतर आला की पीक धुऊन नेतो. यावर काही करणारा एक तरी उमेदवार शोधतो आणि लोकांना सांगतो, याला मत द्या.

"आणि नाही सापडला तर?" संपादक.

"तर नाही सापडला म्हणून छापतो!"

हे झालं जाहीर कारण. खरं कारण सांगू? मला देवगाव फाट्यावरची सावली परत पाहिजे होती.

तुम्ही जुना फाटा पाहिलाय का? रस्त्याच्या दोन्ही अंगांना कडुलिंब, चिंचा आणि मधोमध एक वड. एसटी दोन-दोन तास यायची नाही आणि कुणाची तक्रार नसायची. मी नवा वार्ताहर, शैला सेलूला डीएडला जायची. त्या वडाखाली आमची ओळख झाली. एसटी लेट झाली नसती तर माझं लग्नच झालं नसतं! पुढे रस्ता रुंद झाला, झाडं गेली. मी तेव्हा सात दिवस सात बातम्या लिहिल्या. शैला म्हणाली, "एवढ्या बातम्या लावल्या, एखादं झाड लावलं का?" मी म्हणालो, लावू की, काय घाई आहे.

तिला जाऊन आता चार वर्षं होतील. झाड राहिलंच.

असो. आमच्या गटात खरी लढत दोघांतच होती. पहिले बबनराव, रस्त्यांचे ठेकेदार. त्यांच्या अंगणात गवताची काडी नाही, सगळीकडे फरशी.

मी विचारलं, "हवामान बदलाबद्दल तुमची भूमिका काय?"

"हवामान?" त्यांनी भाच्याकडे पाहिलं. "ते खातं जिल्हा परिषदेकडं येतंय का रे? न्हाई ना? मग साहेब, ते दिल्लीवाल्यांना इचारा."

"बरं, झाडं किती लावली?"

"लय लावली! दरसाल लावतो. खड्डा तयारच हाय, तुमी फक्त फोटोग्राफर आणा."

खड्डा खरंच तयार होता. दरसाल तोच! मी वहीत भोपळा लिहिला आणि निघालो.

दुसऱ्या सुमनताई, निवृत्त शिक्षिका. गाडी नाही, भोंगा नाही, पायी प्रचार. माझा जीव हरखला. म्हटलं सापडली! न कळवता भर दुपारी त्यांच्या गावी गेलो. शिवेवर एक जुना वड आहे, फाट्यावरच्या वडाचा भाऊच म्हणा. आणि पाहतो तर काय? वडावर दोन गडी कुऱ्हाडी घेऊन चढलेले, मांडीएवढ्या फांद्या धडाधड खाली पडतायत आणि खाली पदर खोचून स्वतः सुमनताई दोर ओढतायत!

माझ्या डोक्यात जे काही शिल्लक होतं ते सगळं पेटलं.

"थांबवा हे! काय चाललंय?"

"फांद्या काढायलोत, साहेब."

"ते दिसतंय! कशासाठी?"

ताईंनी इकडं तिकडं पाहिलं. आवाज खाली आणला. "आता काई इचारू नका. फोटो तर बिलकुल काढू नका. आचारसंहिता हाय. मतदान होऊ द्या, मी सोता येऊन सांगते."

आता मला सांगा, जुन्या पत्रकाराला "फोटो काढू नका" म्हटल्यावर तो काय करतो? मी अकरा फोटो काढले. वरून एक गडी ओरडला, "ताई, ह्यांना खरं सांगून टाका की!" ताई म्हणाल्या, "गप. पेपरात आलं की समोरचे तक्रार करतेत." हे माझ्या कानांनी ऐकलं, आणि डोक्याने काय ऐकलं? चोरी! उघड चोरी!

दुसऱ्या दिवशी पहिलं पान: "वडावर कुऱ्हाड चालवणारे हात मत मागतात!" खाली दोर ओढणाऱ्या सुमनताई. भाषा अशी पेटलेली की वाचताना माझेच डोळे भरून आले. शैला असती तर म्हणाली असती... जाऊ द्या, ती काय म्हणाली असती ते मला आता चांगलं ठाऊक आहे.

संध्याकाळपर्यंत ती बातमी गटातल्या प्रत्येक मोबाईलवर. बबनरावांनी तर तिची पत्रकं काढून घरोघरी वाटली. ज्या माणसाने आयुष्यात पेपर वाचला नाही, त्याने माझा अख्खा लेख छापून वाटला! आणि मी? मला वाटलं, लोक जागे झाले.

सुमनताई सतरा मतांनी पडल्या.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी फाट्यावर रशीदचाचांच्या हॉटेलात छाती काढून चहा प्यायला बसलो. चाचांनी कप आपटला.

"क्या साब, गजब कर दिये ना तुम!"

"काय झालं, चाचा?"

"पीछे आव."

थांब्याच्या मागे पाच खड्डे. प्रत्येकात पुरुषभर उंचीची एक जाड फांदी रोवलेली, टोकाला शेणाचा लपका, बुडाशी ओल.

"हे काय आहे?"

"तुमारा वड है, साब. वो टीचरबाई लगाई. रोज सुबू आके पानी डालती."

"फांद्या? वड फांदीने लागतो?"

चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी विचारलंय की चहात दूध घालतात का. "जाड फांदी तोडते, गाडते, ऊपर शेण लगाते. बच्चे बच्चे को मालूम है. तुम शेतकरी के बेटे ना?"

होय. शेतकऱ्याचा मुलगा. तोही कृषी विद्यापीठाच्या गावात राहणारा! निवडणुकीत झाडं लावली तर मतदारांना आमिष म्हणून तक्रार होईल, म्हणून ती बाई गुपचूप लावत होती. उभ्या जिल्ह्यात मला हवा होता तो एकमेव उमेदवार मला सापडला होता, आणि मी त्याला पाडला होता.

तसाच सुमनताईंच्या घरी गेलो. त्यांनीच पाण्याचा तांब्या पुढे केला.

"ताई, मी..."

"पडले त्याचं काई न्हाई, साहेब. आणखी चार फाट्यांवर लावायचे होते, सदस्य झाले असते तर ठराव करून घेतला असता, त्याचं वाईट वाटतंय." मग म्हणाल्या, "तुमी एकदा परत यायचं होतं इचारायला. मी वाट बघितली."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो!

खुलासा मी त्याच रात्री लिहिला. संपादकांनी तो छापला, सहाव्या पानावर, हरवलेल्या गुणपत्रिकेच्या जाहिरातीखाली. तेव्हापासून एक दिवसाआड फांद्यांना पाणी घालायची पाळी माझी. एवढं ताईंनी मला दिलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. एप्रिलात कॅन घेऊन फाट्यावर उतरलो, तर पाचातल्या तीन फांद्या उपटून बाजूला फेकलेल्या. त्या खड्ड्यांत लोखंडी पाईप, आणि पाईपांवर दहा बाय आठचा फ्लेक्स: "निर्भीड वृक्षप्रेमी पत्रकार, ज्यांनी वड वाचवला, त्यांचे जाहीर आभार! शुभेच्छुक: बबनराव." वर हार घातलेला मी. दात काढून हसतोय.

उरलेल्या दोनपैकी एका फांदीला लालसर कोंब दिसला. खरंच कोंब आहे की उन्हाने डोळ्यांपुढे आलेली लाली, हे पाहायला कितीतरी वेळ वाकून उभा राहिलो. या वेळेला इथे असं कुणी उभं राहिलं असतं, तर शैलाने हाक मारून सावलीत बोलावलं असतं.

हाक खरंच आली. फ्लेक्सच्या आडोशाला गाठोडं घेऊन एक म्हातारी एसटीची वाट पाहत बसली होती.

"उन्हात काय करायलास रं बाबा? ये, हितं बस सावलीला."

बसलो. तिने वर बोट केलं. "ह्यो कोन हाय रं?"

मी टोपी खाली ओढली. "असंल कुणीतरी. मला न्हाई माहीत."

"कोनी का असंना," म्हातारी म्हणाली, "आडवा उभा ऱ्हायलाय म्हनून तेवढीच सावली तरी पडायलीय. न्हाईतर असल्या थोबाडाचा दुसरा काय उपेग!"