निळ्या कॅप्सूलचं कडं

खाडीला माझ्या बायकोच्या मामांइतका भ्यालेला माणूस उभ्या नवी मुंबईत नसेल, आणि खाडीत त्यांच्याइतका उतरलेलाही नसेल. रविवारी ओहोटी लागली की लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून स्वारी वाशीच्या चिखलात. हातात खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या, मामींच्या कुकरमध्ये उकळून घेतलेल्या. चिखलातले निवट्या मासे पकडणारे विचारायचे, "काय गावला का मामा?" "गावलं ना! दिसत नाही एवढंच," मामा म्हणायचे आणि बाटली उजेडात धरून स्वतःच घाबरायचे.

मामा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका औषधाच्या कारखान्यात, लॅबमध्ये होते. तिथली विद्या त्यांनी घरी आणली. बशीत जेली लावायची, तिच्यावर खाडीचं पाणी पसरायचं, वर वेगवेगळ्या अँटिबायोटिकमध्ये भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या आणि बशी मामींच्या विरजणाशेजारी उबेला ठेवायची. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंची साय धरायची. जे औषध जंतूंना मारतं, त्याच्या टिकलीभोवती मात्र स्वच्छ, गोल कडं उमटायचं. एकदा मामींनी विरजण समजून बशीच उचलली, तेव्हापासून त्या घरात दही बाहेरून यायचं.

ही कडी वर्षागणिक बारीक होत गेली, तसतसे मामाही. कुणाकडे गेले की पाण्याआधी प्रश्न, "औषध पुरं घेतलंत?" आमच्या वसाहतीतली अर्धी माणसं औषधाच्या कारखान्यांत. घरोघरी डब्यात सुट्या कॅप्सूल. सर्दीला एक, पोटदुखीला एक, गुलाबाला कीड लागली तर कुंडीतही एक! मामा कपाळ बडवून घ्यायचे. "जावईबापू, तुम्ही दोन खाऊन थांबता. उरलेले जंतू औषध पचवायला शिकतात हो! मग गटारातून खाडीत जातात आणि तिथल्यांनाही शिकवतात. शाळा आहे शाळा!" मी हसायचो. खोटं कशाला बोलू, त्यांच्या मागे नक्कलही करायचो.

मग माझी सहा वर्षांची सोनू मामांबरोबर हट्टाने खाडीवर गेली आणि कालवाच्या शिंपल्याने तिचा तळवा कापला. तीन दिवसांत पायाचा भोपळा झाला. डॉक्टरांनी नेहमीची लाल-काळी कॅप्सूल दिली, ताप हलेना. पोर बरळायला लागली. मी मामांना नाही नाही ते बोललो. मामा जखमेतला पू कापसावर घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी टॉवेलात गुंडाळलेली बशी घेऊन दवाखान्यात हजर. लाल-काळीच्या टिकलीला जंतू खेटून बसलेले. फक्त एका नव्या, निळ्या कॅप्सूलच्या टिकलीभोवती रुपयाएवढं कडं. डॉक्टरांनी बशी उजेडात धरून पाहिली. निळी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी सोनूने वरणभात मागितला आणि मी मामांचे पाय धरले.

पुढचं सांगायला लाज वाटते. पोर खेळायला लागली, म्हणून आम्ही कॅप्सूल थांबवल्या. पण जिने लेक वाचवली ती कचऱ्यात कशी टाकायची? बायकोने उरलेल्या कॅप्सूल झेंडूच्या फुलांसोबत निर्माल्याच्या पुडीत बांधल्या आणि मी पुलावरून हात जोडून ती पुडी खाडीत सोडली. वर मामांना हे मोठ्या भक्तिभावाने सांगितलंही! मामा ओरडले नाहीत. त्यांनी फक्त किती कॅप्सूल उरल्या होत्या ते विचारलं.

"मामा, एका पुडीने काय होणार?" मी चाचरत विचारलं.

"पुलावरून तुम्ही एकटेच जाता का, जावईबापू?"

ऐंशीचं दशक सरता सरता मामा थकले, चिखलात उतरणं थांबलं. खाडीच्या शेवटच्या पाण्याची बशी त्यांनी मला दाखवली. निळीचं रुपयाएवढं कडं आक्रसून टिकलीला टेकलं होतं. आतल्या खोलीत, आता कॉलेजात जाणारी सोनू मामींशी खिदळत होती. मामांनी बशी झाकली आणि हळूच म्हणाले, "पोरीला चप्पल घालून फिरायला सांगा हं."

मामा आता नाहीत. सोनू अजून अंगणातसुद्धा चप्पल घालते, बाबांचा हट्ट म्हणून. त्या पुडीचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.