होकायंत्राखालचा साचा

ऑडनी ट्रॉम्सो बंदराच्या धक्क्यावर दिसली की खलाशी न सांगता खिसे रिकामे करत. सुऱ्या, किल्ल्या, पान्हे सगळं एका बादलीत जाई आणि बादली धक्क्यावरच राही. होकायंत्राजवळ परकं लोखंड नको, हा तिचा दंडक. बोटींची होकायंत्रं लावून देण्यातच तिची उभी हयात गेली होती.

आजची बोट मात्र लेकीची होती. योरुन दुपारच्या भरतीला कोळंबीसाठी थेट उत्तरेच्या बर्फापर्यंत निघणार होती.

"आई, आता उपग्रह दिशा दाखवतात गं."

"दाखवू देत. ते झोपले की कुणाला विचारशील? सुई ठरल्याशिवाय सफरीचा दोर सोडायचा नाही."

तिकडे वर, चुंबकीय ध्रुवाजवळ, सुईतला जोर ओसरतो, बोटीतलं टीचभर लोखंडही तिला भुलवतं. ऑडनीला हे पाठ होतं, म्हणूनच जीव टांगणीला लागला होता.

सामुद्रधुनीत बोट गोल फिरू लागली. प्रत्येक दिशेला ऑडनी समोरच्या शिखराशी सुई ताडून पाही आणि तिची चूक काढायला होकायंत्राखालच्या खणात छोटे चुंबक सरकवी. पहिला फेरा झकास झाला. दुसऱ्या फेऱ्यात सुई त्याच दिशांना भलतंच सांगू लागली. तिनं चुंबक हलवले. सुई आणखी बिघडली.

"भरती आपल्यासाठी थांबायची नाही हं," योरुन सुकाणूवरून म्हणाली.

तेवढ्यात आइलर्ट आचारी पुन्हा जिना चढून आला. "ऑडनीबाई, दुसऱ्या फेऱ्यापासूनचं हे चौथं वॉफल! गरमागरम हवं म्हणालात ना, म्हणून साच्यासकट आणलंय." बिडाचा जड लोखंडी साचा त्यानं सवयीनं होकायंत्राखालच्या फळीवर टेकवला.

सुई हलली.

"उचल तो." सुई परतली. "ठेव बरं." पुन्हा हलली.

योरुनला हसू आवरेना. "सगळ्यांचे खिसे रिकामे केलेस आणि स्वतः साच्यातून खात बसलीस!"

"हसा," ऑडनी म्हणाली. "आइलर्ट, साचा खाली. वॉफल इथंच राहू दे."

चुंबक पहिल्या जागी सरकवल्यावर तिसऱ्या फेऱ्यात सुई शहाण्यासारखी वागली, चौथ्यातही. भरतीच्या तोंडावर ऑडनी धक्क्यावर उतरली आणि तिनं स्वतःच्या हातानं दोर सोडला.

पुढच्या आठवड्यात योरुनचा फोन आला. "आई, धुक्यात उपग्रहाची यंत्रं बंद पडली होती. तुझ्या सुईवर बर्फाबाहेर आलो."

"आणि वॉफल?"

"खाली, स्वयंपाकघरात बसून खातो."