दोन आण्यांचं दार

भाताची कापणी उरकली, खळी मोकळी झाली, की निर्मळच्या तळ्यापलीकडचं हरिभाऊंचं शेत दर वर्षी फुटबॉलचं मैदान व्हायचं. धसकटं खरवडायची, मधला एक बांध फोडायचा, दोन्ही टोकांना बांबूचे गोल उभे करायचे, की झालं. तालुक्यातल्या गावांची लीग होती आणि तिच्या खालच्या गटात निर्मळची पोरं अनवाणी खेळत. बॉल विकत घ्यायचा, पाहुण्या संघाचं गाडीभाडं द्यायचं, रेफ्रीला चहापाणी बघायचं, या खर्चासाठी त्रेपन्न सालच्या मोसमात क्लबने मैदानाला माडाच्या झापांचं कुंपण घातलं, एकच दार ठेवलं आणि दोन आणे तिकीट लावलं. बाकड्यावर बसणाऱ्याला चार आणे.

पहिल्या रविवारी मैदान गच्च भरलं आणि डब्यात तीन रुपयेसुद्धा जमले नाहीत. दारावर क्लबचा सेक्रेटरी विद्याधर बसला होता. तो वाडीवाल्यांच्या मोठ्या घरातला, त्यामुळे येणारा प्रत्येक माणूस त्याचा मामा, मावसा, नाहीतर बहिणीच्या सासरचा. ‘काय रे विद्या, आमच्याकडून पैसे घेणार?’ असं कोणी म्हटलं की त्याची मान खाली जायची. दुसऱ्या रविवारी खेळ सुरू होईपर्यंत कप्तान प्लासिड दारावर उभा राहिला. सकाळी चर्चमध्ये त्याच्याबरोबर मिसेला असलेली सगळी ओळखीची तोंडं दुपारी दारात आली आणि त्याच्या खांद्यावर थाप मारून आत गेली.

त्या आठवड्यात दोघे सायकलवरून आगाशीच्या बाजारात सत्यवतीकडे गेले.

सत्यवती खाडीकडच्या पाड्यावरची. नवऱ्याची, श्रीपतची, थोडी खाऱ्या पट्ट्यातली भातशेती होती. ही निर्मळ-गिरीजच्या वाड्यांमधून भाजी उचलायची आणि आगाशीला विकायची. तिच्या पाटीतून कुणी एक मिरची फुकट नेली असं बाजारात घडलेलं नव्हतं. वय चाळिशीला टेकलेलं, आवाज खणखणीत, आणि बसल्या जागी सुद्धा हात सतत कशात तरी गुंतलेले.

“सत्यवतीबाई, रविवारी दुपारी काय करता?” विद्याधरने विचारलं.

“का? घरात कार्य हाय?”

“फुटबॉलच्या दारावर बसायचं. तिकिटं फाडायची. दर रविवारी आठ आणे देऊ.”

“मना त्यातलं काय कलतंय?”

“म्हणून तर आलो,” प्लासिड म्हणाला. “आमच्या गावात तुम्हांला मामा नाही, काका नाही. फुकट कोणाला सोडायचं नाही, एवढंच काम.”

“कोनालाच नाय?”

“कोणालाच नाही,” विद्याधर ठासून म्हणाला. आपल्या काकांचा विचार त्या घडीला त्याच्या डोक्यात नव्हता.

रविवारी सत्यवती दाराच्या आतल्या बाजूला उलट्या खोक्यावर बसली. मांडीवर पत्र्याचा डबा, कनवटीला क्लबचे शिक्के मारलेले कागद. तोंड रस्त्याकडे, पाठ मैदानाकडे. पहिल्या अर्ध्या तासात तिने विद्याधरच्या दोन मामांना आणि चर्चमध्ये घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला परत पाठवलं. मग हरिभाऊ आले. धुवट धोतर, हातात छत्री, मागे चार मंडळी. ते न थांबता आत शिरू लागले, तशी तिने पाय आडवा घातला.

“बाई, हे शेत माझं आहे,” हरिभाऊ म्हणाले.

“शेत तुमचंच. दार मना दिलंय.”

आतून विद्याधर धावत आला आणि चार पावलांवर खांबासारखा उभा राहिला. हरिभाऊंनी पुतण्याकडे पाहिलं, मग त्या आडव्या पायाकडे. त्यांच्या मिशा हलल्या. कोटाच्या खिशातून त्यांनी पैसे काढले, पाचही जणांचे चार-चार आणे मोजून डब्यात टाकले आणि म्हणाले, “आत गेल्यावर बाकडं मोडकं निघालं तर मात्र परत घेईन.”

ही गोष्ट दोन दिवसांत आगाशीपर्यंत पोचली. पुढच्या रविवारी श्रीपत आला, तर रांगेतले सगळे टवकारून बघू लागले. त्याने बायकोकडे नुसतं हसून बघितलं. सत्यवतीने तळहात पुढे केला. तंबाखूच्या चंचीतून दोन आणे काढून देताना बिचाऱ्याचे कान लाल झाले होते.

फुकटे बंद झाले, पण माणसंही आटली. आत जेमतेम साठ-सत्तर डोकी, आणि बाहेर बांधावर, ताडांच्या बुंध्याशी, झापांच्या फटींना डोळे लावून दुप्पट गर्दी. सत्यवतीला हे सगळं समोर दिसत होतं. जे दिसत नव्हतं ते पाठीमागे चाललं होतं. अचानक ओरडा उठायचा, मान आपोआप वळायची, तर दिसायच्या फक्त माणसांच्या पाठी. तोवर समोरून कुणीतरी दाराशी सरकलेलं असायचं. पुन्हा तोंड रस्त्याकडे.

सोमवारी सकाळी श्रीपत दात घासत असताना तिने विचारलं, “काल येवढं काय ओरडत व्हते?”

“गोल झाला.”

“कसा झाला?”

“पायाने मारला.”

“कोनी? कुठून? मधे कोन कोन आलं?”

श्रीपतने चूळ भरली, विचार केला. “लई चांगला मारला,” तो म्हणाला आणि गुरं सोडायला गेला.

सत्यवतीचा जीव जळला. दोन आणे देऊन हा माणूस आत जातो आणि बाहेर येताना एवढंच घेऊन येतो! त्या दिवशी तिने बाजारात एका गिऱ्हाइकाला शेरभर वांग्यांच्या जागी सव्वाशेर तोलून दिली. शेजारी बसणारी शकू बघतच राहिली.

डिसेंबर उजाडला तसं क्लबचं तोंड उतरलं. विद्याधर तिकीट तीन आणे करायचं म्हणू लागला. माणसं कमी तर दर जास्त, असा त्याचा हिशेब. सत्यवती ते ऐकून हसली.

“भाव वाढवून गिऱ्हाईक येतं व्हय? त्या बांधावरल्यांकडं बघा. हाफटाइम झाला की दारापाशी येतात, आत डोकावतात, परत जातात. अर्ध्या खेलाला त्यांना एक आना सांगा.”

“आणि मग सगळेच हाफटाइमपर्यंत थांबले तर?”

“ऊन उतरलं की मी भाजीचा भाव उतरवते. म्हनून काय सगली आगाशी सांजच्यालाच बाजार करते? ताजं पायजे तो सकालीच येतो.”

“अहो, पण खेळ म्हणजे भाजी नव्हे!”

“अर्धी खाल्लेली काकडी पन कोन पुऱ्या पैशाला घेत नाय.”

विद्याधर नाही म्हणाला. प्लासिड म्हणाला, एक रविवार करून बघू. दोघांचं ठरण्याआधीच रविवार आला, हाफटाइमची शिट्टी वाजली आणि सत्यवती उठून बांधाकडे तोंड करून ओरडली, “आता एक आना! एक आन्यात उरलेला खेल!”

बांधावरून माणसं अशी उतरली की तिला कागद फाडायला हात पुरेनात. एकदा आत आलेला पुढच्या खेपेला सुरुवातीपासून यायचा, कारण पहिला गोल हुकला म्हणून शेजारचा त्याला चिडवायचा. नाताळ सरला तेव्हा आत अडीच-तीनशे माणूस उभं राहत होतं. हरिभाऊंच्या मंडळींना बाकड्यांवर जागा मिळेना.

यात एक गोष्ट सत्यवतीच्या लक्षातच आली नव्हती. आधी हाफटाइमनंतर दार लावून तिला आत बघता आलं असतं. आता नव्या माणसांची गर्दी हाफटाइमनंतरच व्हायची आणि शेवटची पाच मिनिटं उरेपर्यंत कुणी ना कुणी आणा घेऊन येतच राहायचं. स्वतःच्या अकलेने ती खोक्याला जखडली गेली होती.

आता आवाजावरून तिला थोडं थोडं कळायला लागलं होतं. लांबट ‘ए-ए-ए’ म्हणजे कुणी बॉल घेऊन पळतोय. फाटलेला आवाज म्हणजे बॉल बाहेर गेला. शिव्या आल्या की रेफ्री. नावंही पाठ झाली होती; गोलकीपर युजीन, त्याच्या पुढे प्लासिड. चेहरा मात्र प्लासिडचाच तेवढा माहीत. बाजारातून घरी जाताना रस्त्यात पडलेल्या नारळाच्या बोंडीला ती पायाने ढकलत जायची. एकदा जोरात लाथ मारली तर बोंडी थेट ओहोळात गेली आणि शकू पोट धरधरून हसली.

“अगो बाय, तुला लागलंय काय?”

“पायाला लागलंय,” सत्यवती म्हणाली. रात्री झोपेतही तिचे पाय हलत, असं श्रीपत सांगायचा.

फेब्रुवारीत मोसमाचा शेवटचा सामना आगाशीशी पडला. निर्मळ जिंकलं तर वरच्या गटात जाणार होतं. दुपारपासून आगाशीकडून बैलगाड्या येत होत्या. कुंपण बाहेरच्या बाजूला झुकलं. हाफटाइमला एक-एक अशी बरोबरी होती आणि दाराशी आण्यावाल्यांची रांग तळ्यापर्यंत गेली होती. सत्यवती कागद फाडत होती, नाणी डब्यात टाकत होती, कुणाला तरी दटावत होती. शिट्टी झाली, खेळ पुन्हा सुरू झाला, ओरडा चढत गेला. आणि एकाएकी सगळं थांबलं.

पाचशे माणसं आत होती आणि एका कावळ्याचा आवाज ऐकू येत होता. इतक्या रविवारी तिने सगळे आवाज ओळखले होते. हा कधी ऐकला नव्हता. रांगेतला माणूस आणा पुढे धरून म्हणत होता, “बाई, घ्या ना, घ्या ना.” ती उठली, डबा कमरेवर घेतला आणि वळली.

माणसांच्या काखांमधून वाट काढत ती चुन्याच्या रेघेपर्यंत पोचली. मैदान तिला वाटलं होतं त्यापेक्षा लहान होतं. मधे प्लासिड एकटा, कमरेवर हात ठेवून. समोर बॉल, त्याच्यापुढे आगाशीचा गोलकीपर, आणि बाकी सगळी पोरं लांब उभी. प्लासिडने खाली बघितलं, चार पावलं धावला आणि बॉल मारला. वरच्या बांबूवर आदळून तो आभाळात गेला.

सत्यवतीने कपाळावर हात मारला. परत दाराकडे जायचं तिला सुचलंच नाही. बॉल तिच्या बाजूला आला तशी ती रेघेबरोबर धावत सुटली, “मार रं! मार की!” पदर खांद्यावरून सरकला तो तिने खोचला. डब्यातली चिल्लर खळखळ वाजत होती. तीस-चाळीस पावलांवर उभा श्रीपत तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होता. खेळ तो विसरूनच गेला होता.

सामना एक-एक असाच सुटला. निर्मळ खालच्याच गटात राहिलं.

मैदान मोकळं झालं तेव्हा विद्याधर लालबुंद होऊन आला. “दार सताड उघडं! दीडशे तरी माणूस फुकट आत आलं. तुम्ही होता कुठे?”

“आत.”

“आत? का?”

“सगले गप झाले म्हनून.” तिने डबा त्याच्या हातात दिला. “दार मीच सोडलं. आजचे आठ आने मना नको.”

प्लासिड बाकड्यावर डोकं धरून बसला होता. त्याने मान वर केली. “पेनल्टी बघितलीत?”

“बघितली. मारताना तू खाली बघत व्हतास. भीती वाटली व्हय?”

प्लासिडने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. मग म्हणाला, “वाटली.”

“मना पन,” सत्यवती म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली. विद्याधर डबा घेऊन तिथेच उभा होता. रागवावं की काय करावं हे त्याला ठरवता येत नव्हतं.

पुढच्या मोसमात कापणी संपताच विद्याधर पुन्हा आगाशीला आला. सत्यवतीने त्याला शकूकडे बोट दाखवलं. “ही बसंल. ही माज्यापेक्षा कडक हाय.”

“आणि तुम्ही?”

“मी तिकीट काढनार.”

आणि तिने काढलं. रविवारी बारा वाजता ती पाटी आवरायची, निर्मळला चालत यायची आणि शकूच्या हातावर दोन आणे ठेवायची. पहिल्या दोन-तीन सामन्यांना आत बाईमाणूस ती एकटीच होती. मग पाड्यावरची रंभा आली, मग गावातली सेलिन आपल्या दोन जावांना घेऊन आली, आणि विद्याधरने बायकांसाठी वेगळं बाकडं मांडलं. त्यावर सत्यवती एकदाच बसली. म्हणजे चार आणे भरून तिने जागा घेतली आणि पहिल्या मिनिटाला जी उठून उभी राहिली ती शेवटच्या शिट्टीपर्यंत. मागच्या बाया ‘खाली बस, खाली बस’ करून थकल्या. श्रीपत तिच्यामागे उभा राहून तिच्या पदराचं टोक धरायचा, कारण बॉल त्या बाजूला आला की ती रेघ ओलांडून आत जायची आणि रेफ्रीला खेळ थांबवावा लागायचा.