बोटीतली मागची जागा

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, धुलाईघराला लागून, एक लांबट खोली आहे. फाटलेल्या चादरी, बटणं तुटलेले डगले, नाड्या गेलेल्या विजारी तिथे येतात आणि शिवून पुन्हा वर जातात. हे काम करणाऱ्या बाईंना सगळे शिवणमावशी म्हणतात. वय पन्नाशीच्या पुढे. हात अजून झरझर चालतात, गुडघे मात्र संधिवाताने कामातून गेलेले. "माझ्याआधी तेच रिटायर झाले," असं त्या सांगायच्या आणि ऐकणारे हसायचे.

घरात दोघीच, मावशी आणि लेक ठकी. ठकी सव्वीस वर्षांची, पण समज चार वर्षांच्या पोरीची. बोलणं दहा-बारा शब्दांचं. वडील ती लहान असतानाच वारले. दिवसभर ती शिवणखोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून बटणांचे रंग वेगळे करायची. सहा दिवस हे चालायचं, ते सातव्या दिवसाच्या आशेवर. गुरुवारी मावशींची सुट्टी असायची आणि त्या दिवशी दोघी करमणुकीच्या पार्कात, पाण्याच्या घसरगुंडीवरच्या बोटीत बसायला जायच्या.

फिरत्या पट्ट्यावरून बोट कुरकुरत वर चढते, टोकाला क्षणभर थांबते आणि धाडकन खाली पाण्यात येते. बस, एवढंच. पण खाली आल्यावर ठकी जे हसायची, ते हसू मावशींना घरात कधीच बघायला मिळालं नव्हतं. तिला एकटीला बसू देत नसत, सोबत मोठं माणूस लागायचं.

पाय साथ देईनासे झाले तशा मावशी एकेक युक्ती शिकत गेल्या. निघण्याआधी तासभर गोळी. पायऱ्या चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा. बोटीत नेहमी मागची जागा, कारण तिथे पाय सरळ सोडता येतो. आधी काठावर टेकायचं, मग उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घ्यायचा. बोट चालवणारा म्हातारा तेवढा वेळ पट्टा थांबवून धरायचा आणि रांगेतल्यांना सांगायचा, "होऊ द्या, बोट कुठं पळून जात नाही."

मग पार्काने नव्या बोटी आणल्या. मागची जागा अरुंद झाली आणि मांडीवर लोखंडी दांडा आला. गुडघा काटकोनात वाकल्याशिवाय दांडा लागत नाही आणि दांडा लागल्याशिवाय बोट सुटत नाही. पहिल्या गुरुवारी मावशींचा गुडघा अर्ध्यावरच अडला. म्हाताऱ्याने तीनदा दांडा दाबून पाहिला, मग मान हलवली. ठकीला उतरवायला वीस मिनिटं लागली. घरी जाईपर्यंत ती स्वतःचं मनगट चावत होती.

त्या आठवड्यात मावशी रोज सकाळी कपाटासमोर स्टूल ठेवून बसत आणि गुडघा कपाटाला टेकवून पाय मागे ओढत. डोळ्यांतून पाणी यायचं. पाय बोटभरही जास्त वाकला नाही.

डॉक्टर त्याच रुग्णालयातले, ओळखीचे. त्यांनी गुडघ्यांचा एक्स-रे उजेडासमोर धरला. "मावशी, दोन्ही सांधे बदलावे लागतील. आधी उजवा. तीन महिने तुम्हालाच कुणीतरी बघायला हवं. ठकीचं काय करणार?"

मावशींनी धाकट्या भावाला फोन केला. तीन महिने ठकीला ठेवून घेशील का, असं विचारलं. "ताई, आमच्याकडे तिला आवरणारं कोणी नाही गं. अशा मुलांची निवासी संस्था आहे, तिथे तीन महिने ठेवू. मी भेटायला जाईन."

"ती एक रात्रसुद्धा माझ्याशिवाय राहिलेली नाही."

"पुढे कधीतरी राहावंच लागेल ना?"

मावशींनी फोन ठेवला. ऑपरेशनचं नावही काढलं नाही.

पुढच्या गुरुवारी त्यांनी एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या. बोटीत बसल्यावर दात आवळून, दोन्ही हातांनी स्वतःच दांडा खाली दाबला. खट्ट झालं. म्हातारा म्हणाला, "मावशी, बघा हं." त्यांनी मानेनेच हो म्हटलं, कारण तोंड उघडलं असतं तर किंकाळीच निघाली असती.

बोट वर चढली, खाली आली. ठकी टाळ्या पिटत हसत होती. मावशींना त्यातलं काही दिसलं नाही. बोट धक्क्याला लागली, दांडा वर गेला, पण गुडघा वाकला होता तसाच अडकून बसला. चौघांनी त्यांना बाहेर काढलं. रांग थांबली, लोक माना उंचावून बघू लागले. आईला उचलून नेताना पाहून ठकी त्या चौघांच्या अंगावर धावली, आणि मग खाली बसून फरशीवर डोकं आपटू लागली.

प्रथमोपचाराच्या खोलीत पर्यवेक्षक बाई आल्या. बाई वाईट नव्हत्या. "मावशी, आता तुम्हाला बसू देता येणार नाही. उद्या काही झालं तर?"

"मग तिला एकटीला बसू द्या. मी हात जोडते."

"एकटीला नाही चालत."

"मग मी काय करू, ते तरी सांगा."

बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

महिन्याभराने भावाच्या गाडीतून ठकी संस्थेत गेली. दारात तिने आईची ओढणी धरली होती. ती सुटेना, तेव्हा मावशींनी ओढणीच गळ्यातून काढून दिली आणि काठी टेकत मागे न बघता गाडीत येऊन बसल्या. चार दिवसांनी त्यांचा उजवा गुडघा बदलला. व्यायाम घेणारी मुलगी म्हणायची, असा जिद्दीचा पेशंट पाहिला नाही. मावशी मनातल्या मनात फक्त दिवस मोजत होत्या.

साडेतीन महिन्यांनी ठकी परत आली ती वाळून. संस्थेत तिला सांभाळलं नव्हतं असं नाही, ती जेवायचीच नाही म्हणे. दहा-बारा शब्दांतले चार-पाचच उरले होते. शिवणखोलीत बटणं पुढे ठेवली तर नुसती बघत राहायची.

तरी गुरुवारी मावशी तिला घेऊन गेल्या. नवा गुडघा वाकवून दाखवल्यावर पर्यवेक्षक बाईंनी बसायला परवानगी दिली. म्हाताऱ्याने पट्टा थांबवला. मावशी बोटीत बसल्या. गुडघा मुकाट वाकला, पाय आत गेला. त्यांनी शेजारच्या जागेवर थोपटलं.

"ये ठके. आपली बोट."

ठकी धक्क्यावर उभी राहिली. मावशींनी हात पुढे केला तशी ती दोन पावलं मागे सरली. एकदा आईने असंच कुठेतरी नेऊन सोडलं होतं, एवढंच तिच्या ध्यानात राहिलं असावं. पाच मिनिटं गेली. मावशी उठल्या आणि कुणाच्या मदतीशिवाय बाहेर आल्या. बोट रिकामीच वर गेली.

त्या अजूनही दर गुरुवारी जातात. कठड्याशी उभ्या राहतात, ठकी त्यांचा दंड घट्ट धरून असते. मधे डॉक्टरांकडून फोन आला, डाव्या गुडघ्याची तारीख निघाली आहे म्हणून.

"नको," मावशी म्हणाल्या. "डावा राहू द्या तसाच."